चौगुले कंप

राजश्री चौगुलेचा शेवटचा शनिवार अगदी साधा गेला. इतका साधा, की पुढे तो आठवायला बसल्यावर तिच्या मुलीला, शर्वरीला, त्यातले मधले तुकडे सापडेनात.

मोटरसायकल शर्यतींचा हंगाम संपून तीन आठवडे झाले होते. कागलजवळच्या ट्रॅकवर सकाळी चिटपाखरू नव्हतं. राजश्रीनं पिटच्या, म्हणजे गाड्या थांबवायच्या जागेच्या, भिंतीवर बसून भडंगाचा पुडा फोडला, फोन स्पीकरवर टाकला आणि नाशिकच्या मनीषा आहेरशी भांडण काढलं.

"काय विजेत्याबाई, कप रोज पुसता का न्हाई?"

"पुसते ना. शेजारी तुझ्यासाठी जागा ठेवलीय. दुसऱ्या नंबरचा कप छोटा असतो, कुठेही मावतो."

"पुढच्या साली बघतो तुला. माझ्या मागच्या चाकाशिवाय काय दिसायचं न्हाई."

"तेच तर बघत आले वर्षभर. तुझा दिवा बघून बघून डोळे गेलेत माझे."

राजश्रीनं झटकन स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून चार पावलं लांब गेली. शर्वरी टॅबलेटवर आकडे बघत होती. तिनं त्या वेळी त्याकडे लक्ष दिलं नाही.

राजश्री पंचेचाळीस वर्षांची, मनीषा त्रेचाळीस. दोघींनी अकरा वर्षं एकमेकींना ट्रॅकवर वीतभर जागा दिली नव्हती, आणि अकरा वर्षांत एकाही शनिवारचा फोन चुकवला नव्हता. चार विजेतेपदं हिची, चार तिची. चौथं मनीषानं याच हंगामात, तीन गुणांनी घेतलं होतं.

मनीषा म्हणाली तो दिवा म्हणजे त्या काळच्या शर्यतींचा निम्मा जीव. माणसाचं बोट ब्रेक दाबतं त्याच्या साधारण पाव सेकंद आधी मेंदूत एक बारीक लहर उठते. दाबायचं ठरलं, असं सांगणारी. हेल्मेटच्या अस्तरात शिवलेल्या सोळा पातळ चकत्या ती लहर टिपत आणि हात हलायच्या आत गाडीच्या शेपटावरचा निळा दिवा पेटवत. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात पाव सेकंद म्हणजे चौदा मीटर. मागच्या स्वाराला तेवढं अंतर आयतं मिळालं, आणि पहिल्याच वर्षी मागून धडकण्याचे अपघात निम्म्यावर आले.

पण मन काही नुसतं हो किंवा नाही म्हणत नाही. दाबू का, अशी शंका चाटून गेली तरी अर्धी लहर उठायची आणि दिवा पेटण्याऐवजी फडफडायचा. पूर्वी भीती पोटात ठेवून गाडी हाकता यायची. आता ती गाडीच्या शेपटाला टांगलेली होती. मागच्या प्रतिस्पर्ध्याला दिसेल, घरी टीव्हीपुढे बसलेल्या पोराबाळांनाही दिसेल अशी. पुढचीच्या मनात चलबिचल आहे हे कळलं की मागचीला बळ यायचं. प्रक्षेपणात प्रत्येक नावापुढे फडफडीचा आकडा येऊ लागला. नावाजलेले विजेते मनाच्या डॉक्टरांकडे खेटे घालू लागले, कुणी जपाची माळ घेतली, कुणी चोरून गोळ्या. साताऱ्याच्या एका चोवीस वर्षांच्या विजेत्याचा आकडा एकाच शर्यतीत चाळिसावर गेला. त्यानं पुढच्या आठवड्यात हेल्मेट विकून टाकलं.

राजश्रीचा आकडा या हंगामात पहिल्यांदाच वाढला होता. तोही बहुतेक एकाच जागी. पिटच्या भिंतीवरून पुढे सुटलं की पहिलं वळण लागतं. त्या वळणाच्या तोंडाशी तिचा दिवा फडफडायचा, आणि तिथेच मनीषा आत घुसायची. नऊपैकी पाच शर्यती तिथे गेल्या. समालोचक आधी हळहळले, मग म्हणू लागले की चौगुलेबाईंचं वय झालं.

"आई," शर्वरी म्हणाली, "पुढच्या आठवड्यात यंत्राचं ओळखसत्र नव्यानं घेऊ या का? काहीतरी बिनसलंय."

"काय बिनसलं न्हाई. तू आपली पेटी वाजव." हेल्मेटमधल्या यंत्राला स्वाराचं डोकं ओळखायला शिकवायचं, हे ट्यूनरचं काम; लेकीच्या त्या कामाला राजश्री पेटी म्हणायची. "भडंग घे, मऊ पडतंय."

"नऊपैकी पाच, आई."

"चार तर घावल्या नव्हं? हावरी कुठली." तिनं शर्वरीच्या केसांतला एक कुरमुरा काढून स्वतःच्या तोंडात टाकला. "चल, वीस चकरा मारून येतो."

ती आली, जेवली, दुपारी कपडे वाळत घातले. बस्स, एवढंच. शर्वरीला पुढे हेही आठवेना की रात्री झोपताना आई काही म्हणाली होती की नुसतीच दिवा घालवून गेली.

रविवारी सकाळी चहा गाळता गाळता राजश्री खाली बसली, ती उठली नाही. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली होती. दुपारी दोनला डॉक्टर बाहेर आले. तिच्या मेंदूवर वर्षभर सोळा चकत्या होत्या; पण त्या फक्त माथ्यावरची तळहाताएवढी जागा ऐकत. जे फुटलं ते खोल तळाशी होतं.

मनीषा सात तास गाडी चालवत आली. रडली नाही. राजश्रीच्या गाडीजवळ जाऊन तिनं मागच्या चाकाची हवा बोटानं दाबून बघितली आणि परत जागेवर येऊन बसली.

शर्वरीही रडली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. ती फडफड आजाराची खूण होती का? आईचा मेंदू वर्षभर हाक मारत होता आणि आपण, त्याच कामासाठी शिकलेल्या, टॅबलेट धरून भिंतीपाशी उभ्या होतो का?

महिन्याभरानं स्पर्धा मंडळाच्या वैद्यकीय समितीचं पत्र आलं. एकाच जागी पुन्हा पुन्हा येणाऱ्या, प्रत्यक्ष ब्रेक न लावता विरून जाणाऱ्या फडफडीला समिती नाव देणार होती: चौगुले कंप. विजेत्याचं मन खचू लागल्याची पहिली खूण, अशी व्याख्या होती. चाळिशीपुढच्या ज्या स्वारांत हा कंप दिसेल, त्यांना मोठ्या शर्यतीतून कायमचं थांबवायचं. सध्या असे सहा जण होते. 'थोर स्पर्धकाचं नाव वैद्यकीय परिभाषेत अजरामर व्हावं' म्हणून कुटुंबाची संमती मागितली होती. भाषा आदराची होती. समितीला ते खरंच आदराचं वाटत होतं.

शर्वरीनं सगळ्या हंगामाच्या नोंदी उघडल्या. आजार शोधायलाच.

ती आठ दिवस माजघरातल्या टेबलाशी बसून होती. तिचे वडील फौंड्रीत साचे करत. बायकोची एकही शर्यत त्यांनी पाहिली नव्हती. शर्यतीच्या दिवशी ते हटकून जादा पाळी घेत. ते जेवायला घरी येत, टेबलाच्या एका कडेला ताट सरकवत आणि विचारत, "घावलं काय?"

"नाही अजून, बाबा."

आजार असता तर लहरीचा आकार हळूहळू बदलत जायला हवा होता. तो बदलला नव्हता. पहिल्या शर्यतीतली अर्धी लहर आणि शेवटच्या शर्यतीतली, दोन्ही एका साच्यातून काढल्यासारख्या. वयानं आलेली भीती असती तर ती सगळ्याच अवघड वळणांवर दिसली असती. तीही नव्हती.

मग तिला चौथी शर्यत दिसली. कोइमतूरची. त्या शर्यतीत फडफड शून्य होती, आणि आई पहिली आली होती. वळणं तशीच, मनीषा तशीच मागे. फरक एकच: शर्वरी डेंग्यूनं कोल्हापुरात अंथरुणावर होती. हेल्मेटमधली सगळी जुळणी तिचीच होती, ती स्वतः तेवढी तिथे नव्हती.

पाचवी शर्यत बंगळूरजवळ. तिथे पिटच्या भिंतीचं काम निघालं होतं, म्हणून ट्यूनर लोकांना तिसऱ्या वळणाशी उभं केलं होतं. दिवा तिसऱ्या वळणावर फडफडला होता. पहिल्यावर एकदाही नाही.

शर्वरीनं आपल्या टॅबलेटच्या जागेची नोंद काढली आणि फडफडीच्या नकाशावर ठेवली. उरलेल्या आठही शर्यतींत दोन्ही खुणा एकावर एक बसल्या.

तिनं ओळखसत्राचं ध्वनिमुद्रण लावलं.

प्रत्येक माणसाची लहर वेगळी, म्हणून यंत्राला आधी माणूस ओळखायला शिकवावं लागतं. स्वारानं उभ्या गाडीवर बसायचं. ट्यूनरनं इशारा द्यायचा. इशाऱ्यासरशी स्वारानं ब्रेक दाबायचा. असं एकशेवीस वेळा. त्यातून यंत्र स्वतःच ठरवतं की या डोक्यात 'थांबणं' कसं दिसतं. इशारा म्हणून नुसता टीं असा आवाज वापरायचा, किंवा फार तर 'ब्रेक' हा कोरडा शब्द. नियम स्पष्ट होता. शर्वरीनं तो पाठ केला होता.

ध्वनिमुद्रणात आधी टीं, टीं, टीं. मग आईचा आवाज: "ए, बंद कर ते. घड्याळाच्या दुकानात बसल्यागत वाटालंय. तू बोल की."

"ब्रेक."

"आगं, परीक्षा घ्यायलीस काय? नीट बोल. लहानपणी बोलायचीस तसं."

दोघींचं हसणं. आणि मग शर्वरीचा आवाज, "आई, थांब." ब्रेकची खटक. "आई, थांब." खटक. पहिल्या दहापंधरा वेळा आवाजात हसू होतं. पुढे ते गेलं होतं.

यंत्र प्रामाणिक होतं. त्याला थांबणं आणि लेक या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून दिल्या होत्या. त्यानं गाठोडंच ओळखायला शिकून घेतलं. पुढे ताशी दोनशेच्या वेगात आईच्या नजरेच्या कडेला भिंतीपाशी उभी असलेली शर्वरी आली, की अर्धी लहर उठायची. आई ब्रेक दाबत नव्हती. तिला फक्त लेक दिसत होती.

सत्राच्या कागदावर मात्र, 'वापरलेला इशारा' या रकान्यात, शर्वरीनं 'ब्रेक' लिहून खाली सही केली होती.

"घावलं," ती त्या दुपारी वडिलांना म्हणाली. वडील ताट तसंच ठेवून तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

दुसऱ्या दिवशी ती नाशिकला गेली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मनीषाचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. मनीषा तांब्याच्या तारेचं वेटोळं मांडीवर घेऊन बसली होती. शर्वरीला बघून तिनं ते बाजूला ठेवलं आणि माठातलं पाणी आणून दिलं.

"मावशी, चौगुले कंप म्हणजे मी आहे," शर्वरी म्हणाली.

मनीषा तिच्या समोर बसली. "कळलं म्हणायचं तुला."

"तुला माहीत होतं?"

"अकरा वर्षं तुझ्या आईची पाठ माझ्याइतकी कोणी बघितलीय, सांग बरं? बंगळूरला दिवा तिसऱ्या वळणावर हलला. म्हटलं, हे काय नवीनच. मान वळवली तर तिथे तू, डोक्यावर मंडळाची ती पिवळी टोपी. संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं तिला. म्हटलं, राजे, तू वळणाला घाबरत नाहीस, पोरीला बघून विरघळतेस."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'कळलंय मला. तू तोंड मिटून जेव.'" मनीषाला हसू आलं आणि लगेच गेलंही. "मी म्हटलं, नवीन सत्र घे, मिटला प्रश्न. तर म्हणे, नवीन मागितलं की जुन्याची तपासणी होती. पोरीचं पहिलंच वर्ष हाय, कागदावर सही हाय तिची. ट्यूनरचं लायसन जाईल."

"म्हणून पाच शर्यती घालवल्या तिनं?"

"घालवल्या नाही म्हणायचं. मी जिंकल्या!" मनीषा एकदम उसळली. "आणि त्यातल्या चार मला कळल्यानंतरच्या. मी सांगितलं होतं तिला, त्या वळणावर मी आत घुसणार नाही. तिनं मला दिलेली शिवी मी तुझ्यापुढे उच्चारू शकत नाही. 'दया करालीस व्हय माझ्यावर? घुस! न्हाई घुसलीस तर पुन्हा तोंड बघणार न्हाई तुझं.' मग घुसले. त्या चार शर्यतींत माझा आकडा बघितलास? सतरा, एकोणीस, बावीस, पंचवीस. टीव्हीवर म्हणत होते, आहेर विजेतेपदाच्या दडपणाखाली. विजेतेपद गेलं खड्ड्यात! दरवेळी तुझ्या समोरून, तुझ्यामुळे उघड्या पडलेल्या जागेत मी गाडी घालत होते."

बाहेर कुणीतरी ग्राहक डोकावला. मनीषानं हातानंच त्याला नंतर यायला सांगितलं.

"मी समितीला सांगणार आहे," शर्वरी म्हणाली. "नाहीतर ते सहा जण फुकट घरी बसतील. आणि आईचं नाव…"

"लायसन जाईल हां. तिनं वर्षभर राखलेलं."

"जाऊ दे."

मनीषानं तारेचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. "एक गोष्ट आहे. सांगू की नको कळत नाही. राजी एकदा म्हणाली होती, 'पोरगी शंभर येळा थांब म्हणाली. काम म्हणून म्हणत होती, पर आवाज खरा होता. तिला मी थांबायला पायजे हाय, मनीषा. ती सांगत न्हाई आणि मी इचारत न्हाई.'" तिनं वर बघितलं. "खरं का गं?"

शर्वरीनं पाण्याचा पेला उचलला. तो रिकामाच होता. तिनं तो तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

सुनावणी पुण्यात होती, मंडळाच्या कचेरीत, सकाळी अकराला. समितीत तिघं जण. अध्यक्ष डॉ. पद्मजा रानडे मेंदूतज्ज्ञ होत्या, साठीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. मागच्या खुर्चीत मनीषा येऊन बसली होती, बोलावलं नसताना.

शर्वरीनं नकाशे दाखवले. कोइमतूर, मग बंगळूर, मग बाकीच्या शर्यती. शेवटी ध्वनिमुद्रण. आईच्या हसण्यापाशी तिनं खाली बघितलं, पण आवाज कमी केला नाही.

"म्हणजे दोष यंत्राचा," एक सदस्य म्हणाले.

"नाही. जे शिकवलं तेच ते शिकलं."

"कागदावर तर 'ब्रेक' असं लिहिलंय. सही तुमची आहे."

"ते खोटं आहे. मी लिहिलं."

"या वाक्याचा परिणाम तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. लायसन बरोबर आणलंय." तिनं ते कार्ड टेबलावर ठेवलं. "कंपाला नाव द्यायचं तर द्या. पण ती भीतीची खूण म्हणून त्या सहा जणांना काढू नका. त्यांच्या सत्रांचे आवाज आधी ऐका. कुणाच्या डोक्यात काय बांधलं गेलंय, आपल्याला माहीत नाही."

डॉ. रानड्यांनी चष्मा काढला.

"ती सत्रं आम्ही ऐकू. पण एक गोष्ट मला उलगडत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात वकिली नव्हती, नुसतं कुतूहल होतं. "घरचे शब्द वापरणारी ट्यूनर मंडळी आणखीही असणार. दोनतीन नोंदी तर मीच पाहिल्यात. एकानं मित्राला 'ए बाबा, पुरे' असं म्हटलंय. तिथे अशी लहर बांधली गेली नाही. नुसत्या शब्दांनी ती बांधली जात नाही. ऐकणाऱ्याच्या आत काहीतरी खरंच ताणलं जावं लागतं. तुमच्या दोन शब्दांनी इतकं काय ताणलं?"

शर्वरीनं उत्तर तयार केलं होतं. परिचित आवाज, बालपणीची स्मृती, लक्ष विभागणं. सगळी वाक्यं शास्त्रशुद्ध होती. तिनं त्यातलं एकही वापरलं नाही.

"मी ते खरंच म्हणत होते," ती म्हणाली.

तिनं टेबलावरचं कार्ड समितीकडे सरकवलं.

"मी सात वर्षांची होते तेव्हा आई पहिल्यांदा पडली. खांदा मोडला. तिला ट्रॅकवरून उचलून नेताना ती मला डोळा मारून हसली, म्हणून मीही हसले. त्यानंतर प्रत्येक शर्यतीला मी हसतच होते. टाळ्या वाजवल्या, झेंडे हलवले. बाबांसारखं मला पळता येईना, म्हणून ट्यूनर झाले. निदान भिंतीपाशी उभं राहता येईल. थांब, एवढंच म्हणायचं होतं. पण तिचा जीव त्या गाडीत होता, ते कसं म्हणणार? मग त्या सत्रात ती स्वतःच म्हणाली, बोल. मला ते एकशेवीस वेळा म्हणायला मिळालं, आणि तरी मी सांगितलं नाही. काम केल्याचं सोंग आणलं. तिनं मात्र ऐकलं. ऐकलं, आणि गाडी चालवत राहिली, आणि माझी सही झाकली."

"मग आम्ही नोंद काय करायची?" डॉ. रानड्यांनी हळूच विचारलं.

"राजश्री चौगुले घाबरली नव्हती, असं लिहा."

एवढं बोलून तिनं निवेदन संपवलं. ती उठलीही. पण ध्वनिमुद्रणाचा पडदा अजून चालू होता; सत्र संपल्यानंतर आई पुढच्या सूचनेची वाट बघत बसली होती, ती शांतता तिथे चालू होती. शर्वरी त्या पडद्याकडे वळली. समितीकडे तिची पाठ झाली.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, "मला भीती वाटायची गं. दरवेळी. तू जिंकलीस तेव्हासुद्धा."